बेळगाव, पाच दिवस: कसम परेड, रेल्वे गेट आणि युरियाचं पोतं

मामेभावाच्या पोराची, म्हणजे आमच्या पिंटूची कसम परेड होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधलं ट्रेनिंग संपवून तो अग्निवीर झाला आणि आत्यानं यायलाच पाहिजे असा त्याचा हट्ट, म्हणून शाळेतनं पाच दिवसांची रजा काढली. मी कोल्हापुरात इतिहास शिकवते. पहिल्या महायुद्धाची कारणं इतकी वर्षं शिकवत आले: आक्रमक राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, गुप्त करार, आणि चौथं 'लष्करवाद व शस्त्रास्त्र स्पर्धा', जे पोरं दोन मार्कांसाठी पाठ करतात. या पाच दिवसांत त्या चौथ्या कारणाचाच विचार डोक्यात राहिला, म्हणून लिहून ठेवतेय.

दिवस १

सकाळच्या गाडीनं निघाले. कागल, कोगनोळीचा नाका, मग निपाणी, स्टँडवर उतरलं की तंबाखूचा वास येतोच. पाट्या कन्नडमध्ये आणि बोलणं मराठीत, हे इकडचं नेहमीचंच. तवंदीचा घाट उतरला आणि संकेश्वरला एक मुलगी शेजारी येऊन बसली, कंपनीचं आयकार्ड गळ्यात, हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये, म्हणजे विमानांच्या पार्टच्या खास औद्योगिक वसाहतीत, कामाला आहे म्हणाली. एअरबस, बोईंग असल्या कंपन्यांच्या विमानांचे पार्ट तिथं बनतात हे मला वाचून माहीत होतं, पण ते बनवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. तिनं दोन बोटांच्या चिमटीत दाखवलं, एवढा एवढा असतोय आणि त्यात केसाएवढा फरक चालत नाही. घरात पहिली नोकरदार तीच. हायवेला लागून ऊसाच्या रानात हे सगळं उभं राहिलंय ते बघून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती उतरून गेल्यावर विचार आला की बोईंग प्रवासी विमानं बनवते आणि लढाऊ विमानंही बनवते, धातू तोच, मशीन त्याच जातीची, आणि ज्या हाताला मायक्रॉनमध्ये काम करायची सवय लागली त्याला दोन्ही करता येतं. हे काही वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण उद्योग आणि युद्ध यांच्यामध्ये भिंत आहे असं आपण धरून चालतो, तशी भिंत कुठं आहे ते मला तरी दिसत नाही.

वंटमुरी घाटानंतर काकती, राणी चन्नम्माचं जन्मगाव. दुपारी वडगावात भावाच्या घरी पोचले. संध्याकाळी कुंदा आणि गप्पा. भाऊ सांगत होता, पिंटू दोन वर्षं पहाटे चारला उठून पळायला जायचा, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, मग १० बीम म्हणजे पुल-अप, मग नऊ फुटांच्या खड्ड्यावरनं उडी, गल्लीतली पाच-सहा पोरं होती, दोघंच निघाले. आता चार वर्षं नोकरी, त्यातले शंभरातले पंचवीस पुढे कायम होणार, बाकीचे जवळजवळ पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन परत. वहिनी एवढंच म्हणाली, "पंचविशीच्या आत रिटायर होऊन येणार म्हणजे लेकरू काय करायचं हो ताई." यावर कुणी काही बोललं नाही.

दिवस २

परेड सकाळीच असते, आम्ही साडेसहालाच कॅम्पात. कॅम्पातली ती जुनी झाडं, बैठे बंगले, मिलिटरी महादेवाचं देऊळ, रस्ते धुतल्यासारखे. शहरातनं इथं आलं की एकदम दुसऱ्या काळात गेल्यासारखं होतं. हे कॅन्टोन्मेंट १८३२ पासूनचं.

परेडबद्दल किती लिहू. पोरं रांगेनं आली आणि लाइट इन्फंट्रीची ती झपाझप चाल, शेकडो बूट आणि आवाज एकच. गावोगावची माणसं आलेली, फेटे बांधलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, गडहिंग्लज, चंदगड, सातारा, सांगली, खानापूर. तिरंग्यासमोर शपथ झाली आणि मग 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी उठली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यात पाणी आलं. नंतर आईबापांच्या छातीला गौरव पदक लावतात. भावाचे हात थरथरत होते. हे मी आधी सांगतेय कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की हिला फौजेबद्दल आदर नाही. आदर आहे, आणि घरचं पोरगं तिथं उभं आहे म्हणूनच प्रश्न पडतात.

सेंटरमध्ये शरकतचं वॉर मेमोरियल आहे. शरकत कुठं आहे ते परेडला आलेल्या किती जणांना माहीत असेल? इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी, मोसुलच्या खाली. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिथं तुर्कांशी शेवटची लढाई झाली आणि ११४ व्या मराठा पलटणीला त्यात शौर्याची २८ पदकं मिळाली. हीच ११४ वी पलटण पुढं १९२२ च्या फेररचनेत बेळगावची ट्रेनिंग पलटण झाली, म्हणजे आज पिंटूनं जिथं शपथ घेतली ते सेंटर तिचंच. आता तारखा बघा. शरकतची लढाई संपली ३० ऑक्टोबरला. त्याच ३० तारखेला मुद्रोसला तुर्कस्ताननं युद्धविरामावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी युद्ध थांबणारच होतं. मग एवढी घाई का? कारण वर मोसुल होतं आणि मोसुलच्या जमिनीत तेल आहे असा सगळ्यांचा अंदाज होता. युद्धविराम झाल्यावरसुद्धा इंग्रज फौज थांबली नाही, मोसुल ताब्यात घेऊनच थांबली.

आणि सुरुवातही तेलानंच झालेली. इंग्रजांच्या आरमारानं पहिल्या महायुद्धाच्या आधी नव्या लढाऊ जहाजांसाठी कोळसा सोडून तेल घ्यायचं ठरवलं, चर्चिल तेव्हा आरमाराचे मंत्री होते. तेलावर जहाज जास्त वेगानं पळतं, भट्टीत कोळसा ओढायला माणसं कमी लागतात, समुद्रातच तेल भरता येतं, म्हणजे इंजिनिअरच्या नजरेनं निर्णय अगदी बरोबर. पण कोळसा इंग्लंडच्या पोटात होता आणि तेल इराणात! मग अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा सरकारनं विकत घ्यायचं ठरवलं, संसदेत मंजुरी १७ जून १९१४ ला, ज्यावरनं महायुद्ध पेटलं त्या साराजेव्होतल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाच्या अकरा दिवस आधी. नोव्हेंबरात हिंदुस्थानातनं निघालेली फौज आखाताच्या तोंडाशी फावला उतरली, अबादानची तेलाची रिफायनरी राखणं हे तिच्या कामांतलं एक मोठं काम. इतर कारणंही होती, हिंदुस्थानकडं येणारी वाट, आखातातली इंग्रजांची पत. पण जहाजाच्या बॉयलरमध्ये काय जाळायचं हे लंडनमध्ये ठरलं आणि त्यापायी ११० वी, ११७ वी, १०३ री अशा मराठा पलटणी बसऱ्याच्या वाटेला लागल्या, हे मला दोन मार्कांच्या उत्तरात कधी सांगता आलेलं नाही.

आमच्या आईचे आजोबा त्यात होते. कुठली पलटण ते घरात कुणालाच माहीत नाही, कागद नाही, फोटो नाही. आज्जीकडनं एकच वाक्य खाली आलंय, 'बसऱ्याला खजूर लई स्वस्त हुता'. पुढं टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमाराला, फावला उतरलेली हीच फौज, म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, १४७ दिवस वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. पोरांना घोड्याचं मांस खायची वेळ आली, हिंदुस्थानी शिपायांनी कितीतरी दिवस ते घेतलं नाही, हिरड्या सुजून दात हलायला लागले. विमानातनं पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला, युद्धाच्या इतिहासातला तसला हा पहिलाच, पण तेव्हाच्या त्या नाजूक विमानांत मावून मावून किती मावणार. शेवटी २९ एप्रिलला शरणागती, साधारण तेरा हजार माणसं कैदेत गेली, वाळवंटातनं चालत, आणि त्यातली हजारो परत आलीच नाहीत. पणजोबा कुतमध्ये होते की बाहेर, ते कळायला आता मार्ग नाही. खजूर तेवढा राहिला.

परेडनंतर पिंटू भेटला, पाया पडला, चेहरा ओळखू येईना इतका करपलेला. "आत्या, शरकत डे ला आम्हाला गोष्ट सांगितल्यात" म्हणाला. त्याला पदकांची गोष्ट माहीत होती. तेलाची मी सांगितली. तो ऐकत होता, मग म्हणाला, "खरं आत्या, ते लढले तर खरंच की." बरोबर आहे त्याचं. दोन्ही खरं आहे.

दिवस ३

आज भावाबरोबर उद्यमबागेत. बेळगावच्या बाहेरच्यांना कुंदा आणि मिलिटरी एवढंच बेळगाव माहीत असतं, खरं बेळगाव इथं आहे. फौंड्री, हायड्रॉलिक्स, पंप, व्हॉल्व्ह, मशीन शॉप, एकाला लागून एक. कास्टिंगच्या वाळूचा तो जळका वास आणि काळे झालेले पत्रे. भावाचं छोटं जॉबवर्कचं युनिट, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या तीन मशीन, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, सात पोरं. दुसरी सीएनसी कर्जावर घेतलेली. मी म्हणलं रविवारी तरी बंद ठेवतोस का, तर म्हणाला, "ताई, मशीन थांबलं म्हणून हप्ता थांबत नाही बघ."

हे त्याचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण एका वाक्यात त्यानं १९०६ नंतरचा युरोप सांगितला. त्या वर्षी इंग्रजांनी ड्रेडनॉट नावाची लढाऊ नौका पाण्यात सोडली, सगळ्या तोफा मोठ्या आणि टर्बाइन इंजिन, त्यामुळं तोवरच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या, इंग्रजांच्या स्वतःच्या सुद्धा! जर्मनीत आरमारमंत्री तिर्पिट्झ आधीपासूनच आरमार वाढवत होता, त्यालाही आता तसलीच पाहिजे. एवढं मोठं जहाज बांधायचं म्हणजे गोदी रुंद करा, चिलखती पत्र्यासाठी नव्या मिल टाका, हजारो कारागीर ठेवा. आणि पहिलं जहाज बांधून झाल्यावर त्या गोदीचं, त्या मिलचं, त्या कारागिरांचं काय करायचं? दुसरं जहाज. नाहीतर हप्ता थांबत नाही. १९०९ मध्ये इंग्लंडात सरकार चार नौका बांधू म्हणत होतं तर लोक रस्त्यावर आठ मागायला लागले, आणि शेवटी आठ झाल्या. कारखानदार, आरमाराचे अधिकारी, वर्तमानपत्रं, रोजगार मागणारे कामगार, सगळ्यांचं हित एका दिशेला लागलं की ते कुणी कट करून घडवायची गरजच राहत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः फौजेतले मोठे जनरल, त्यांनी १७ जानेवारी १९६१ ला निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या या युतीपासून सावध राहा म्हणून सांगितलं. फौजी माणूस सांगतोय म्हणून मला ते जास्त पटतं.

भावाच्या टेबलावर एक ड्रॉइंग होतं, फ्लँजसारखा पार्ट. कशाला लागतो विचारलं तर म्हणाला व्हेंडर सांगत नाही, पार्ट नंबर असतोय, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते असतंय, तारीख असते. डिफेन्सची एखादी ऑर्डर मिळाली तर तीन-चार वर्षं काळजी मिटेल असं त्याच्या मनात आहे आणि मी त्याला काय म्हणून नको म्हणू? सात घरं त्यावर चालतात. जर्मनीतल्या क्रुप या पोलाद कंपनीचं उदाहरण सांगितलं त्याला. क्रुपची तोफ जगभर गाजली पण त्यांच्या कंपनीची खूण म्हणजे एकात एक अडकलेली तीन वर्तुळं, ती तोफेची तोंडं नाहीत, रेल्वेच्या चाकाच्या धावा आहेत, जोड नसलेल्या. पैसा आधी रेल्वेच्या चाकानं दिला आणि त्याच पोलादातनं तोफा आल्या. भाऊ म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखेच जॉबवर्कवाले की सुरुवातीला." खरंच सुरुवात लहान होती त्यांची.

परत येताना टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. बेळगावकरांचा निम्मा जन्म पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गेटला थांबण्यात गेलाय. मालगाडी होती, लांबच्या लांब, मधल्या काही डब्यांवर ताडपत्री झाकलेले मिलिटरीचे ट्रक. दोन्ही बाजूला स्कूटर, रिक्षा, दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, सगळे गप उभे, कारण गाडी आपल्यासाठी थांबत नाही हे सगळ्यांना मान्य असतं. मला तिथं उभ्याउभ्या १ ऑगस्ट १९१४ ची संध्याकाळ आठवत राहिली.

जर्मनीची सगळी योजना रेल्वेच्या वेळापत्रकावर उभी होती. रशिया अवाढव्य, त्याची फौज गोळा व्हायला वेळ लागणार, तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत बेल्जियममधनं घुसून फ्रान्स संपवायचा आणि मग सगळी फौज गाडीनं पूर्वेला न्यायची. म्हणजे रशियानं नुसती जमवाजमव सुरू केली, एक गोळी पण झाडली नाही, तरी जर्मनीचं घड्याळ सुरू झालं. आणि फ्रान्सच्या पैशानं रशियात नवे रूळ पडत होते, त्यामुळं बर्लिनच्या सेनापतींना वाटायचं अजून दोन-तीन वर्षं थांबलो तर ही योजनाच निकामी होईल, व्हायचंच असेल तर आताच होऊ दे. दुसऱ्या देशात रूळ पडतात आणि इकडं युद्ध जवळ येतं! ३० जुलैला झारनं पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला, १ ऑगस्टला जर्मनीनं. त्या संध्याकाळी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, लंडनहून एक तार आली, तिचा अर्थ त्यानं असा लावला की इंग्लंड आणि फ्रान्स बाजूला राहतील. तो खूश, सरसेनापती मोल्टकेला म्हणाला मग सगळी फौज पूर्वेलाच वळवू. मोल्टकेनं सांगितलं, शक्य नाही. वर्षभर घासून तयार केलेलं वेळापत्रक, दहा-दहा लाख माणसांचं, ते असं ऐन वेळी फिरवता येत नाही, फिरवलं तर सीमेवर फौज जाणार नाही, नुसता गोंधळ जाईल. ती तार गैरसमजातली निघाली हे पुढं कळलंच. पण सम्राटाला स्वतःची फौज वळवता आली नाही, ते त्याला त्या संध्याकाळी ऐकून घ्यावं लागलं. मग ऑगस्टच्या पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत कलोनच्या ऱ्हाइनवरच्या पुलावरनं दर दहा मिनिटाला एक गाडी पश्चिमेला जात राहिली.

यातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट पुढची. युद्ध संपल्यावर जर्मन रेल्वे विभागाचाच जनरल श्टाब यानं पुस्तक लिहून, तक्ते मांडून दाखवलं की गाड्या वळवता आल्या असत्या. म्हणजे यंत्र थांबत नव्हतं असं नाही. थांबत नाही असं माणसांनी धरून चाललं होतं, कारण थांबवायची तयारी कुणी कधी केलीच नव्हती, सगळी तयारी सुटायची होती. मी वर्गात सांगते की तंत्रज्ञानामुळं युद्ध भयानक झालं, मशीनगन, विषारी वायू, रणगाडे. ते खरंच आहे, पण ते युद्ध सुरू झाल्यानंतरचं. सुरू होण्याच्या आधीच तंत्रज्ञानानं विचार करायचा वेळ खाऊन टाकला होता हे मी सांगत नव्हते. आज तर दिवसांचा हिशोब सुद्धा राहिलेला नाही, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन मिनिटांत पोचतात, आणि मिनिटांत ठरवायचं म्हणजे पुन्हा यंत्रानंच ठरवायचं.

गेट उघडलं आणि सगळे एकदम हॉर्न वाजवत निघाले.

दिवस ४

सकाळी वीरसौधला गेले. डिसेंबर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं झालं, गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हे. काँग्रेस विहीर पाहिली. शांत वाटतं तिथं. पण मला कॅम्पातनं सरळ तिथं आल्यामुळं १९१८ आठवलं, दिल्लीच्या युद्ध परिषदेनंतर हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडत होते, सैन्यात भरती व्हा म्हणून सांगायला. लोकांनी फारसं ऐकलं नाही आणि ते आजारी पडले. अहिंसेचा एवढा मोठा माणूस, त्याला सुद्धा युद्धाच्या ओढीनं तेवढं खेचलं होतं. हे सांगून मला त्यांना कमी करायचं नाही. ती ओढ किती असते तेवढंच.

दुपारी कित्तूर. ऊन कडक. चन्नम्माचा वाडा आता बराचसा भिंतींचे अवशेषच. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे इथं मारला गेला, कंपनीचा पराभव झाला, पण डिसेंबरात ते जास्त फौज आणि मोठ्या तोफा घेऊन परत आले आणि किल्ला पडला. तोफांच्या दारूत आपल्याच माणसांनी शेण-माती कालवली असं इकडं सांगतात. संगोळ्ळी रायण्णाला पुढं १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं. कित्तूरला हौतात्म्य कमी पडलं नाही, तोफा आणि त्या ओतणारे कारखाने कमी पडले. यावरनं कुणी म्हणेल मग आपण शस्त्रं वाढवलीच पाहिजेत, आणि त्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही, कारण भिंतीतली ती भगदाडं बघून मलाही क्षणभर तसंच वाटलं. प्रत्येक देशाजवळ असं एक कित्तूर असतं. फ्रान्सजवळ १८७० चं सेदान होतं, जर्मनांकडनं झालेला पराभव.

दिवस ५

परतीच्या वाटेवर आजोळी, हुक्केरी तालुक्यात. पिंटूला सुट्टी मिळाली होती, तोही आज्जीला भेटायला आला होता, गावातल्या चार पोरांनी त्याला हार घातला. मामी पंच्याहत्तरीच्या पुढं गेलीय तरी भाकरी तीच थापते.

दुपारी पिंटूबरोबर मळ्यात गेले. ऊस कमरेला आलेला. बांधाला काटेरी तार, खोपीत युरियाची पोती एकावर एक, बाहेर ट्रॅक्टर. गेले चार दिवस डोक्यात जे चाललं होतं त्यामुळं मला त्या तिन्ही वस्तू नेहमीसारख्या दिसेनात. ही काटेरी तार अमेरिकेत १८७४ मध्ये ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं पेटंट केली, गुरं रानात शिरू नयेत म्हणून, आणि चाळीस वर्षांनी फ्रान्समध्ये खंदकांपुढं मैलोन् मैल तीच, तिच्यात अडकलेल्या माणसांवर मशीनगन. १ जुलै १९१६ ला सोम नदीकाठच्या लढाईत एका दिवसात इंग्रज फौजेची ५७ हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आधी आठवडाभर पंधरा लाख तोफगोळे टाकून सुद्धा तार पुष्कळ ठिकाणी तुटली नव्हती. ती तार तुडवायला जे आणलं तो रणगाडा, त्याच्या चाकांची पट्ट्याची कल्पना शेतातल्या ट्रॅक्टरकडनं आलेली, अमेरिकेतल्या होल्टचे पट्ट्यावर चालणारे ट्रॅक्टर फौजेत तोफा ओढतच होते.

आणि युरिया. पिंटूला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत फ्रिट्झ हाबरनं शोधली आणि कार्ल बॉशनं कारखान्यात उतरवली, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला, खतासाठी. त्याआधी जर्मनीचं खत आणि बारूद दोन्ही चिलीहून बोटीनं येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून. युद्ध लागलं, इंग्रज आरमारानं समुद्र बंद केला, म्हणजे बारूद काही महिन्यांत संपायलाच पाहिजे होती. पण बॉशच्या माणसांनी अमोनियापासून नायट्रिक आम्ल करून दिलं आणि युद्ध चार वर्षं चाललं. हाबर स्वतः २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरिन वायू सोडायच्या कामावर होता, त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या बायकोनं, क्लारानं, ती पण केमिस्ट, स्वतःला गोळी मारून घेतली. आज जगातल्या निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न त्याच रीतीच्या खतावर पिकतं. आमचा ऊस पण. हे सगळं एकाच पोत्यात आहे, आणि मला त्या पोत्याला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. कोणी कधी कशाकडं वळवलं एवढंच विचारता येतं, आणि ते वेळेत विचारलं पाहिजे.

संध्याकाळी चावडीकडं गेलो. चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, लहानपणापासून बघतेय, चुन्याचे थर बसलेली, कधी वाचली नव्हती. पिंटूनं घरनं ज्वारीचं पीठ आणलं आणि आम्ही ते अक्षरांवर चोळलं. इंग्रजीत आहे. या गावातनं एवढी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या एवढ्यांनी प्राण दिले. अशा पाट्या तेव्हा सरकारनं कितीतरी गावांना लावल्या. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, दुसरा अंक पार झिजलेला. नाव एकाचंही नाही. आमच्या पणजोबांचा असलाच तर त्या झिजलेल्या आकड्यात एक. परदेशी पाठवलेले हिंदुस्थानी दहा लाखांच्या वर, मेलेले सुमारे ७४ हजार, हे आकडे मी फळ्यावर लिहीत आलेय, तेही असेच, नावांशिवाय.

मामी काठी टेकत मागनं आली होती. "काय लिवलंय?" म्हणाली. सांगितलं. "नावं न्हाईत?" नाहीत म्हणलं. मग ती चावडीच्या कट्ट्यावर बसली आणि सांगायला लागली, म्हाताऱ्यांकडनं ऐकलेली, बसऱ्याला गेलेल्यांची, अमक्याचा थोरला, वरच्या आळीतला तमका, परत आला खरं कानानं ऐकू यायचं नाही असा एक. नऊ झाली. मी वहीत लिहून घेत होते. पुढं दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले, मग ६५ चे, ७१ चे, कारगिलच्या वेळचे, पिंटू आणि ती मिळून घर घर मोजत. आत्ता नोकरीत असलेले तर पिंटूनं बोटांवर सांगितले, कोण लेहला, कोण आसामात.

अंधार पडत आला होता, संकेश्वरची शेवटची गाडी गाठायची म्हणून मी वही मिटायला लागले तर पिंटू म्हणाला, "आत्या, माझं पण लिही की."

मी पेन काढलं तर मामीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "त्याचं नगं लिवू," म्हणाली, "त्यो हाय की हितं."